डावा हात आधी

माझा उजवा हात सहा महिने मला छळतोय आणि त्यातला दीड महिना मी माझ्या पोरीला फसवत होतो. दोन्ही गोष्टी एकाच पडवीत, एकाच बाकावर बसून झाल्या, म्हणून एकत्रच सांगतो.

मी श्रीपत. राहायला कळंबला, किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांमागे, जिथे आता दर रविवारी कॉटेजवाल्यांची गाणी ऐकून घ्यावी लागतात. तीस वर्षं समुद्रावर जातोय, पण गावात माझं नाव आहे ते जाळ्यांसाठी. जाळं कुणाचंही फाटो, ते माझ्या पडवीत येतं. ज्या नायलॉनच्या धाग्याचं जाळं विणतात त्याला आम्ही तंगूस म्हणतो. तंगूस चिमटीत धरला की डोळे मिटूनही मी त्याची जाडी सांगतो. यात बढाई नाही, तीस वर्षांत दुसरं काही शिकलोच नाही. मी तापट आहे, हेही आताच सांगून ठेवतो. नाहीतर कमळी, म्हणजे माझी बायको, सांगायला टपलेलीच असते.

फेब्रुवारीत जाळं ओढताना दोराचा वेढा उजव्या मनगटावर बसला आणि होडीने हिसका दिला. दोर कापत आत गेला. मी टॉवेल आवळून बांधला आणि डाव्या हाताने सुकाणू धरून तासाभरात किनारा गाठला. गंमत म्हणजे त्या तासाभरात मला दुखलंच नाही. होडीत बरोबर असलेला पुतण्या रडकुंडीला आला होता आणि मी त्याला वाऱ्याचा अंदाज समजावत होतो. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे निरोप नेणारी नस अर्धी तुटली आहे. त्यांनी ती शिवली. महिन्याभरात जखम भरली, टाके निघाले, आणि मी सुटलो म्हणेपर्यंत दुखणं सुरू झालं.

हे दुखणं विचित्र होतं. हात दाबला तर चालायचं, पण शर्टाची बाही नुसती घासली की निखारा टेकवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा तळहातावर आला तरी मी ओरडायचो. एकदा भात वाढताना कमळीचं बोट लागलं आणि मी ताट भिरकावलं. तिने खाली बसून भात गोळा केला, त्याचं मला ताटापेक्षा जास्त वाईट वाटलं. येणारे-जाणारे माझं मनगट बघायचे, वरची पांढरी रेघ बघायचे आणि म्हणायचे, "आता तं चांगलं भरलंय की." हळूहळू मलाच वाटायला लागलं, की मी काम टाळायला नाटक करतोय. माझ्यासारख्या माणसाला हे वाटणं त्या निखाऱ्यापेक्षा वाईट होतं.

जागृती आमची एकुलती एक. एम.एस्सी. करून ती मुंबईला एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते, रोज लोकलने जाऊन-येऊन. काय करते ते दोन वर्षं मी कधी नीट विचारलं नव्हतं. उंदीर म्हटलं की मला जाळी कुरतडणारेच आठवतात. पण एका संध्याकाळी ती बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, तुला जे झालंय ना, मी त्याच्यावरच काम करते."

"उंदरांच्या हाताला दोर लागतो?"

"ऐक ना. मेंदूच्या बुडाशी थोड्याशाच पेशी असतात. त्या सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतात. त्यांचा हुकूम पार पाठीच्या कण्यापर्यंत चालतो. होडीत तुला दुखलं नाही, त्यात त्यांचाही वाटा असणार. आधी घरी पोच, मग रड, असा हुकूम."

"मंग आता काय झालं त्यांना?"

"नसेला इजा झाली की ही सिस्टीम स्वतःला बदलून घेते. काही ठिकाणी तिचा हुकूम कमी पडतो, काही ठिकाणी उलटा लागतो. दुखणं दाबायचं सोडून ती वाढवायलाच लागते. नेमकं कसं, ते आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाहीये. पण होतं हे नक्की."

मला माझ्यापुरतं समजलं. वादळात एखादा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, सगळ्यांना गप्प बसवतो तेव्हा तो हवाच असतो. पण वादळ गेल्यावर वाऱ्याची झुळूक आली तरी तोच बोंबलायला लागला, तर होडीत कोण राहील? मी एवढंच विचारलं, "म्हंजे मी नाटक नाय करत?"

"नाही रे बाबा," ती म्हणाली. "दुखणं खरं आहे."

मला रडू आलं. लपवलं, पण आलं.

वसईच्या नसांच्या डॉक्टरांनी मे महिन्यात गोळी सुरू केली. हीच गोळी उदास माणसांनाही देतात असं कळल्यावर मी थोडा वेळ तमाशा केला. जागृतीने तो होऊ दिला आणि मग सांगितलं, की ही गोळी सेरोटोनिनला आणि त्याच्यासारख्या आणखी एका रसायनाला जास्त वेळ कामावर ठेवते. तिला उदासाची म्हण नाहीतर हाताची म्हण, पण रोज घे, आणि फरक पडायला काही आठवडे लागतात, सगळ्यांना पडतोच असंही नाही. मी रोज घेतली. याबाबतीत मी खोटं बोललो नाही.

खोटं बोललो ते काड्यांच्या बाबतीत.

प्रयोगशाळेत उंदराच्या पायाला बारीक-जाड धागे टेकवून बघतात, की कितव्या धाग्याला तो पाय मागे घेतो. जागृतीने तसलीच व्यवस्था माझ्यासाठी केली. आइस्क्रीमच्या सात काड्या घेतल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला तंगुसाचा बोटभर तुकडा चिकटवला. एक नंबरला सगळ्यात बारीक, सातला सगळ्यात जाड. तंगूस माझ्याच पेटीतला. दर रविवारी ती माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधायची, काडीचा धागा तळहाताला टेकवून वाकेपर्यंत दाबायची आणि विचारायची, "नुसतं लागलं की जळलं?" आधी डावा हात, कारण तो चांगला, त्याच्याशी तुलना करायची. मग त्याच काडीने उजवा. ज्या नंबरला उजव्या हातात जळायला सुरुवात व्हायची, तो नंबर ती फोनमध्ये लिहायची. नंबर जितका वर जाईल तितका हात बरा, असा हिशेब. ते आकडे महिन्याने डॉक्टरांना दाखवायचे ठरलं होतं.

पहिल्या दोन रविवारी मी खरं बोललो. एक नंबरलाच जळलं. दुसऱ्या रविवारीही एकलाच.

त्या दुसऱ्या रविवारी मी आत पाणी प्यायला गेलो आणि खिडकीतून जागृतीचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. मैत्रिणीला सांगत होती, की बंगळुरूला पीएचडीसाठी तिची निवड झाली आहे, पाच वर्षं, जुलैअखेर कळवायचंय. "पण नाही जाणार बहुतेक," ती म्हणाली. "बाबाचा हात असा असताना आईवर सगळं टाकून कशी जाऊ? हात सुधारला तर बघू."

आम्हाला ती यातलं काही बोलली नव्हती. मी तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिलो. बारावीला असताना ही पोर या पडवीत, जाळ्यांच्या ढिगाला टेकून अभ्यास करायची. माझ्या एका हातासाठी तिने पाच वर्षं सोडायची? मी तिथल्या तिथे ठरवलं, की हात सुधारणार. खरा नाही सुधारला तर खोटा सुधारेल.

ते अजिबात अवघड नव्हतं. पोर हुशार, पण एक गोष्ट विसरली. जाळी विणणाऱ्या माणसाची परीक्षा तिने तंगुसानेच घेतली, आणि तीही डाव्या हातापासून. डाव्या तळहाताला धागा टेकला की डोळ्यांवरच्या टॉवेलाआड मला समजायचं, की हा दोन नंबर, हा चार नंबर. मग उजव्या हाताच्या वेळी काय उत्तर द्यायचं ते आधीच तयार. तिसऱ्या रविवारी मी दोन नंबरवर नेलं. चौथ्याला तीनवर. उजवा हात मागे घ्यायचा नाही, एवढंच सांभाळायचं होतं. त्यासाठी मी पायाची बोटं जमिनीत रुतवायचो आणि शांत आवाजात म्हणायचो, "नुसतं लागलं." आत काय व्हायचं ते माझं मला माहीत.

जागृती माझ्या हाताकडे बघायची, कमळी माझ्या पायांकडे. तिने पहिल्याच दिवशी ओळखलं. दुसऱ्या दिवशी जागृती कामावर गेल्यावर म्हणाली, "पोरीला कळलं म्हंजे?"

"कोन सांगनार? तू?"

"मी नाय सांगनार. पन तुमी रातचे हात उशीवर ठेवून बसून असता, ते मना दिसतंय."

"ती जाऊ दे बंगलोरला. मंग बसतो नाय तं झोपतो."

बंगळुरूचं कमळीला तेव्हाच कळलं. ती बराच वेळ सुपातले तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "पाच वरसं?" आणि त्यानंतर माझ्या खोटेपणाबद्दल एक शब्द बोलली नाही. तिलाही पोर जायला हवी होती आणि जायला नकोही होती. मला वाटतं दोघांचंही तेच होतं, फक्त तिला बाकावर बसून उत्तरं द्यायची नव्हती.

जूनअखेर जागृतीने आकडे डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, गोळी वाढवायची गरज नाही, आहे तीच चालू द्या. म्हणजे माझं खोटं माझ्याच अंगलट आलं होतं. तरी मी मागे फिरलो नाही. पाच नंबर, सहा नंबर. जुलैच्या तिसऱ्या रविवारी तर सातही काड्या नुसत्या "लागल्या". जागृतीने फोनकडे पाहिलं, "अरे वा" म्हणाली, आणि नेहमीसारखी हसली नाही. मी म्हटलं, पोर जायच्या विचाराने हळवी झाली असेल. माझ्यासारखा शहाणा मीच.

जुलैचा शेवटचा रविवार आला. बंगळुरूला कळवायला पाच दिवस उरले होते. मासेमारीची बंदी संपत आलेली, गावभरची जाळी माझ्या पडवीत पडलेली, आणि मी ती डाव्या हाताने कशीबशी उलगडून ठेवलेली. जागृतीने टॉवेल बांधला.

"डावा हात आधी," मी स्वतःहून पुढे केला.

"आज उजवाच," ती म्हणाली.

आता नंबर आधी कळणार नव्हता. पण मी मनाशी म्हटलं, काही हरकत नाही, सगळ्यालाच "लागलं" म्हणायचं. उजवा हात मांडीवर ठेवला, पायाची बोटं रुतवली.

"आता?"

"नुसतं लागलं."

"आता?"

"लागलं. नाय जळत."

"आता?"

"लागलं गो. कितींदा सांगू?"

कॉटेजकडून गाणं ऐकू येत होतं. तिने माझ्या डोळ्यांवरचा टॉवेल काढला. सातही काड्या तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेल्या होत्या. रुमालाची गाठ सोडलेलीच नव्हती.

"मी काडी लावलीच नाही, बाबा," ती म्हणाली.

खरं सांगतो, मला कळलंच नव्हतं. हात कायमच तापलेला असायचा, त्यात काय लागलं आणि काय नाही हे शोधायची मला सवयच राहिली नव्हती. मी फक्त उत्तरं देत होतो.

तिने फोन माझ्यासमोर धरला. रविवारचे आकडे टिंबांनी मांडून जोडले होते. दुसऱ्या रविवारनंतर रेघ पायरी-पायरीने वर गेलेली, प्रत्येक पायरी सारखी. "चाळीस उंदीर आहेत माझ्याकडे," ती म्हणाली. "एकाचंही असं नाही. आज वर, उद्या खाली, मध्येच काहीतरी भलतंच. जिवंत माणसाचं असं होत नाही. हे तू विणलंयस."

तीस वर्षं जाळ्याचं प्रत्येक घर दुसऱ्यासारखं करायची खोड हाताला लागलेली. खोटं बोलतानाही मी एकसारखंच बोललो. मला तिचा राग आला, मग माझा आला, आणि मी नेहमीप्रमाणे आवाज चढवला.

"हा, बोललो खोटा. तुला जायाचा हाय ना बंगलोरला? मना माहीत हाय सगला. एका हातासाठी नको थांबूस. तू जा."

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर भांडेल. ती काड्यांवरचा रुमाल सरळ करत राहिली.

"मी हातासाठी थांबले होते, ते जूनमध्ये," ती म्हणाली. "डॉक्टर आहेत, आई आहे, गोळी बदलता येते. तुझा हात दुखत असताना मी जाऊ शकते, हे मी कधीच ठरवलं होतं. दोन आठवडे मी तुझ्या खोट्यासाठी थांबलेय. मी तिकडून फोन करीन, तू म्हणशील एकदम बेस्ट. आई म्हणेल एकदम बेस्ट. मग मला कसं कळणार? दुखतंय म्हणून सांगणाऱ्या बाबाला सोडून मी जाईन. एकदम बेस्ट म्हणून सांगणाऱ्याला नाही."

कमळी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण मला सोडवायला आली नाही.

रागाने बोलायला मला वेळ लागत नाही. हे बोलायला लागला. त्या होडीतल्या दिवसापासून "दुखतंय" हा शब्द मी घरात धड उच्चारला नव्हता. ओरडलो होतो, ताट फेकलं होतं, दात चावले होते, पण नीट बसून, माणसासारखं, कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, सांगितलं की माझ्यातला जाळीवाला संपला.

"दुखतंय," मी म्हणालो. "लय दुखतंय, बाय. सकाली कमी, सांजला जास्त. रातचा चादर नाय सोसत. जाल्याची सुई धरतो तवा हाताला विंचू चावल्यासारखा होतो, म्हनून जाली तशीच पडलीत. मना भ्या वाटतंय, की आता ह्यो असाच राहील."

जागृतीने मान हलवली आणि फोनमध्ये ते सगळं लिहून घेतलं, "विंचू" सुद्धा. डोळे पुसून पुसून लिहीत होती. मग तिने टॉवेल उचलला. "आता खरं बघू. उजवाच हात, आणि काड्या उलटसुलट."

या वेळी मी पाय मोकळे सोडले. धागा टेकला, मी वाट पाहिली. काही नाही, नुसतं लागलं. पुन्हा टेकला, जळलं, हात मागे घेतला. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने टॉवेल काढला तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता.

"तीन," ती म्हणाली. "एक आणि दोनला आता जळत नाही."

"खरंच?"

"तूच सांगितलंस. जूनमध्ये एकलाच जळत होतं."

म्हणजे गोळीने म्हणा, दिवस गेले म्हणून म्हणा, थोडं काम झालं होतं आणि मला पत्ताच नव्हता. मी सातवर पोचलो होतो ना! कमळी बाकाच्या टोकाला येऊन बसली आणि तिने विचारलं, "म्हंजे चांगला झाला का वाईट झाला?" जागृती म्हणाली, "खरं झालं. उद्या डॉक्टरांना सांगते, गोळी वाढवायचं बघतील." मंगळवारी डॉक्टरांनी माझी खरडपट्टी काढली आणि गोळी वाढवली. बुधवारी जागृतीने बंगळुरूला होकार कळवला. त्या दिवशी कमळीने कोळंबीचं कालवण केलं आणि तिघांनीही ते फार न बोलता खाल्लं, कारण बोललो असतो तर कुणीतरी रडलं असतं.

ऑगस्टच्या मध्यावर ती गेली. काड्या कमळीच्या ताब्यात देऊन गेली. कमळीला शिकवायला अर्धा दिवस लागला, पण ती जागृतीपेक्षा कडक निघाली. कधी काडी लावते, कधी लावतच नाही, आणि चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. दर रविवारी संध्याकाळी जागृतीचा फोन येतो, मी आकडा सांगतो. चार आला. पुन्हा तीन. मग चार. गावातली दोन जाळी मी दुरुस्त केली, रोज अर्धाच तास बसून.

जागृती तिकडचं सांगायची. हॉस्टेल मस्त, जेवण मस्त, लॅबमधले सगळे मस्त. आम्ही ऐकायचो आणि फोन ठेवल्यावर कमळी म्हणायची, "पोर रमली."

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी आकडा दोनवर आला. का, ते काही कळलं नाही. गोळी तीच, काम तेच. आदल्या दोन रात्री मी धड झोपलो नव्हतो. कमळीने काड्या गुंडाळल्या आणि माझ्याकडे बघितलं. फोन वाजत होता. पोरीला तिथे जाऊन महिना झालेला, तिची कसलीशी पहिली परीक्षा दुसऱ्या दिवशी. तीन म्हणालो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"दोन," मी म्हणालो. "खाली आलाय, बाय. दोन राती झोप नाय. लय दुखतंय."

मला वाटलं फोन कट झाला. मी कमळीकडे फोन देणार, तेवढ्यात जागृतीचा आवाज आला, अगदी बारीक, ती पाचवीत असताना यायचा तसा.

"बाबा," ती म्हणाली, "मला पण इथे अजिबात करमत नाहीये."

मी फोन उजव्या कानाला धरला होता, दुखऱ्या हातात. तो तसाच धरून मी म्हटलं, "सांग."